कुमसारचा सीन: सासष्टीतल्या एका घराचा कोरेज्म

गोव्यात बरीच नवी तियात्रं, म्हणजे गाण्यांनी भरलेली कोंकणी नाटकं, ईस्टरच्या रविवारी लागतात. म्हणजे त्यांच्या तालमी कोरेज्मात, ईस्टरआधीच्या उपवासकाळातच उरकाव्या लागतात. दरवर्षीचंच आहे हे, आणि एरवी त्याचं कुणाला काही वाटत नाही. 2025 साली दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत एका कॅथलिक घरात मात्र त्यावरून अख्खा मार्च धुसफुस चालली. त्यातले बरेच दिवस मी त्याच घरात मुक्कामाला होते. 'नावं घालू नकोस, बाकी लिही' असं घरच्यांनीच सांगितलं, म्हणून हे प्रकरण इथे मांडते आहे.

घरची बाई मूळची वसईची, माझी बीएडची मैत्रीण. आता मडगावजवळच्या एका शाळेत मराठी शिकवते. नवरा सासष्टीचाच, तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा. वर्षातले बरेच महिने क्रूझवर, आणि घरी असला की कांतारं, म्हणजे तियात्रातली गाणी, रचणार. सासूने सत्तरी ओलांडलेली, तिला सगळे मांय म्हणतात. थोरली मुलगी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला, चर्चच्या क्वायरमध्ये गाते. धाकट्याची दहावी होती, आणि या सगळ्या भानगडीत त्याची मागणी एवढीच होती की बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून भांडू नका, तिथला आवाज त्याच्या खोलीत येतो.

वसईच्या कॅथलिकांची मिस्सा मराठीत, प्रार्थना मराठीत. थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूंचं मराठी 'ख्रिस्तपुराण' ज्या सासष्टीत लिहिलं गेलं, 1616 साली रायतूरला छापलं गेलं, तिथेच आपण नांदायला आलो याचं माझ्या मैत्रिणीला भारी अप्रूप. कोरेज्मात ती रोज रात्री जेवणं झाल्यावर त्यातल्या थोड्या ओव्या मोठ्याने वाचते. तियात्र तिने पहिल्यांदा पाहिलं ते सासरी आल्यावर, आणि ते तिच्या गळी कधी फारसं उतरलं नाही. 'भडक असतं गं,' एवढंच म्हणायची.

इंत्रूजच्या, म्हणजे कार्निव्हलच्या दिवसांत नवऱ्याच्या ओळखीतल्या एका दिग्दर्शकाने मुलीचं गाणं ऐकलं आणि नव्या तियात्रात तिला भूमिका देऊ केली. गावच्या फेस्ताचं हौशी काम नव्हतं हे. व्यावसायिक मंडळी, मडगावच्या रवींद्र भवनातल्या पाय तियात्रिस्त सभागृहात ईस्टरच्या रात्री पहिला प्रयोग, पुढे कंत्राटदार नेईल तिथे. भूमिका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, मुलीची, शिवाय एक सोलो आणि एक दुओ. तालमी राखेच्या बुधवारनंतर, 5 मार्चनंतर सुरू होणार. बाप हरखला, मांय हरखली. मैत्रीण म्हणाली, 'नको.' का नको, ते काही तिने सांगितलं नाही.

ज्यांनी तियात्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. सहा-सात पडद्यांचं कथानक, आणि दोन पडद्यांच्या मध्ये कथानकाशी काडीचा संबंध नसलेली कांतारं: कधी विनोदी, कधी मंत्र्यांची साल काढणारी, कधी आईबापांना म्हातारपणी विचारत नसलेल्या मुलांवर. समोर ट्रंपेट-सॅक्सोफोनचा बँड. गोव्यातल्या या कलेचा जन्म मात्र मुंबईतला. 17 एप्रिल 1892 रोजी लुकाझिन रिबेरो आणि त्यांच्या साथीदारांनी न्यू अल्फ्रेड थिएटरमध्ये 'इटालियन भुरगो' केलं, ते पहिलं तियात्र. तोही ईस्टरचाच रविवार होता. नोकरीधंद्यासाठी मुंबईत आलेल्या गोंयकारांनी इटालियन ऑपेरा पाहिला आणि गावाकडच्या चावट समजल्या जाणाऱ्या खेळांना सभ्य पर्याय म्हणून हे उभं केलं, असं सांगितलं जातं. म्हणजे चारचौघांत, बायकामुलांसह बघता यावं ही तियात्राची सुरुवातीपासूनची धडपड. चर्चच्या पंचांगाशीही ते बांधलेलं आहे: कोरेज्मात व्यावसायिक प्रयोग बहुतेक थांबतात, फारतर बायबलवरची किंवा संतांवरची तियात्रं होतात, आणि ईस्टरला पुन्हा पडदा वर जातो.

त्यामुळे 'श्रद्धा की तियात्र' असा सरळ सामना या घरात लागूच शकत नव्हता. चर्च स्वतः कोरेज्मात काय करतं ते बघा. जुन्या चर्चांमध्ये सांतुश पासुश या कोरेज्मातल्या विधीच्या वेळी प्रवचन होतं, मग पडदा सरकतो आणि ख्रिस्ताच्या दुःखभोगाचा देखावा समोर येतो, मोतेत ही भक्तिगीतं गायली जातात. खुरसाच्या, म्हणजे क्रूसाच्या, वाटेची चौदा स्थानं म्हणजे तरी काय, चौदा प्रवेशच. मांय हे सगळं बघत वाढलेली. तिच्या दृष्टीने रंगमंच ही चर्चच्या भिंतीपलीकडची वस्तू नव्हतीच. तिचा नियम साधा: कोरेज्मात शुक्रवारी मांस नाही, टीव्हीवरच्या मालिका नाहीत, तियात्राला जायचं नाही. पण नातीच्या तालमीवरून ती म्हणाली, 'हांव कोरेज्मांत तियात्र पळयना. पूण तालीम म्हणल्यार काम, मौज न्हय.'

पहिले दहा-बारा दिवस वाद याच मुद्द्यावर अडला: तालीम हे काम की मौज. मैत्रीण म्हणे, नाच-गाणं-हशा म्हणजे मौजच, तुम्ही तिला काहीही नाव द्या. नवरा म्हणे, मग क्रूझवर मी कोरेज्मात प्रवाशांना दारू देतो ती काय प्रार्थना असते? याला उत्तर नव्हतं. चर्चच्या कायद्यातही नाही: त्यात उपवास राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, वर शुक्रवारचं पथ्य. तियात्राच्या तालमीचा त्यात उल्लेख असायचं कारणच नाही. बाकीचं सगळं रीत, आणि रीत घराघरात वेगळी.

एका रात्री मी तिला आमच्या बीएडच्या दिवसांची आठवण करून दिली. कोरेज्मातल्याच एका शनिवारी दुपारच्या प्रयोगाला ती मला ओढून घेऊन गेली होती. चांगलं तीन अंकी विनोदी नाटक होतं, आणि मध्यंतरात आम्ही बटाटेवडे खाल्ले होते. ती पटकन म्हणाली, 'ते मराठी नाटक होतं.' आणि मग स्वतःच हसायला लागली.

माझ्या मते या प्रकरणाची गाठ इथेच सैल झाली. तिच्या 'नको'मध्ये श्रद्धा होती, पण अभिरुचीही होती, आणि दोन्ही एकाच आवाजात बोलत होत्या. तियात्र तिला गावठी वाटायचं. हे सासरी उघड म्हणण्याची सोय नव्हती, कोरेज्मचं नाव घेण्याची होती. नवऱ्याचंही तेच, उलट्या बाजूने. तो 'आपली संस्कृती', 'तियात्र शेवटी चांगलीच शिकवण देतं' वगैरे म्हणायचा. खरं कारण असं की मुलीच्या वाट्याला आलेला सोलो त्याने रचलेला होता आणि तो तिच्या तोंडून भरल्या सभागृहात ऐकायचा होता. यात वाईट काही नाही. पण प्रत्येकाने आपापली हौस किंवा नावड धर्माच्या कपड्यात पुढे केली की बोलणं पुढे सरकत नाही. समोरच्याला वाटतं, आपल्याला पापी ठरवताहेत.

आणखी एक काळजी होती, तिला मात्र मी हलकं समजत नाही. मुलीचं रात्री-बेरात्री परतणं, कंत्राटदाराच्या गाडीतून गावोगाव फिरणं. वसईहून मामाचा फोन आला, त्यात 'उद्या लग्नाचं बघायचंय' हेही आलंच. रंगमंचावरच्या बाईकडे बघण्याची ही नजर फार जुनी. तियात्रातही आधी बायकांच्या भूमिका पुरुषच करत. ज्यांना आज पाय तियात्रिस्त म्हणतात त्या जुआंव आगुस्तीन फेर्नांदिस यांनी 1904 साली 'भाटकारा' तियात्रात स्वतःची बायको रेजिना हिला उभं केलं. मराठीपुरतं बोलायचं तर त्याच्या पुढच्याच वर्षी, 1905 मध्ये, बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले, आणि साडीतल्या पुरुषांचा आमचा सुवर्णकाळ तिथून पुढे! मराठी नाटक सभ्य आणि तियात्र भडक, असं म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे सनावळीसकट ऐकवताना मला थोडा चेव चढला होता, हे नाकारत नाही. पण रात्रीचा प्रश्न सनावळीने सुटत नाही. तो मांयने सोडवला: 'हरेक प्रयोगाक हांव तिच्या वांगडा वतलें.' सत्तरी ओलांडलेली बाई नातीच्या सोबतीला म्हणून दर प्रयोग फुकट बघणार होती, ही गोष्ट घरात सगळ्यांच्या लक्षात आली. कुणी बोललं नाही.

इथवर येऊनही खरा पेच वहीत होता, आणि वही कुणी वाचलेलीच नव्हती.

संहितेच्या त्या दोनशे पानी वहीत सगळं रोमी लिपीत, निळ्या बॉलपेनने, कडेला लाल शाईत बँडच्या सूचना. मैत्रिणीला देवनागरी कोंकणी वाचता येते, रोमीत ती अडखळते. म्हणून मुलगी तिला वाचून दाखवायला बसली. बलकांवातला दिवा, पायरीवर मी, खुर्चीत मांय. तीन पडदे बरे गेले. चौथ्यात विनोदी नोकर सावकाराला चुकवायला चर्चमध्ये शिरतो आणि कुमसाराच्या, म्हणजे पापकबुलीच्या, पेटीत लपतो. भाटकाराची मुलगी येते, जाळीपलीकडे पाद्री आहे असं समजून गुडघे टेकते, खुरसाची खूण करते, कुमसाराचे शब्द म्हणते आणि मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत राहणाऱ्या कुळाच्या, मुलावरचं आपलं प्रेम सांगून टाकते. नोकर तिला प्रायश्चित्त देतो: तीन 'आमच्या बापा' आणि एक बाटली फेणी, 'पेटीच्या उजव्या बाजूक दवर'. वर पापक्षमेचे शब्द पुटपुटतो. पुढच्या पडद्यात तेच गुपित तो गावभर विकतो.

फेणीला मांय खळखळून हसली. मैत्रिणीचा चेहरा उतरला.

त्या रात्री तिने पहिल्यांदा नेमकं काहीतरी म्हटलं. पाद्रीची चेष्टा चालेल, सहन करू; गावात पाद्रीची चेष्टा कोण करत नाही. पण ती खूण, ते शब्द, ती क्षमा? ईस्टरआधी अख्खं गाव कुमसाराच्या रांगेत उभं असतं. हीही उभी राहणार, आणि चार दिवसांनी तेच सगळं हशासाठी करणार? नवऱ्याने नेहमीचं उत्तर दिलं: नाटक आहे, खरं थोडंच आहे. मग दोघांचं जे जुंपलं ते धाकटा खोलीतून ओरडेपर्यंत.

विगारकडे, म्हणजे गावच्या चर्चच्या मुख्य पाद्रीकडे, जायचं ठरलं. बायकोला त्यांच्याकडून मनाई हवी होती, नवऱ्याला परवानगी. दोघांपैकी कुणालाच हवं ते मिळालं नाही. विगार फेणीच्या वाक्याला हसले, आधीच सांगते. मग म्हणाले की पाद्री नसलेला माणूस खरोखर कुमसार ऐकायला बसला तर चर्चच्या कायद्यात तो गंभीर गुन्हा आहे, आणि खऱ्या पाद्रीने कुमसारात ऐकलेलं जीव गेला तरी बाहेर सांगायचं नसतं. 'तुमचा नोकर गुपित विकतो तेव्हा लोक हसतील आणि दचकतीलही. दचकू देत. पण क्षमेचे शब्द रंगमंचावर कशाला?' तालमींबद्दल एवढंच, की शुक्रवारची खुरसाची वाट कुणी चुकवायची नाही. आणि चर्चचा हॉल तालमीला मिळणार नाही. मला हे तेव्हा हात झटकणं वाटलं. थोडंफार ते होतंही: मनाई करायची नाही, पण आपल्या छपराखाली नको.

एवढ्या सगळ्यांत जिला गुडघे टेकायचे होते तिला कुणी विचारलं नव्हतं. बाप तिच्या आवाजाबद्दल बोलत होता, आई तिच्या आत्म्याबद्दल, आजी तिच्या सोबतीबद्दल. तालमी तोवर एका कलाकाराच्या अंगणात सुरू झाल्या होत्या. प्लॅस्टिकची खुर्ची, तिच्यापुढे उभी धरलेली जुन्या कपाटाची जाळीची दारं, ही कुमसाराची पेटी. एका तालमीहून ती परतली आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच म्हणाली, 'मम्मी, मला ते पाप बिप माहीत नाही. पण ते शब्द मी आज इतक्यांदा म्हटले की आता खऱ्या कुमसाराला बसले तर मला जाळीमागे प्रॉम्प्टर ऐकू येईल.'

महिनाभराच्या वादात मला सर्वांत धार्मिक वाटलेलं वाक्य हेच, आणि ते पंचांगातून, कायद्यातून किंवा संस्कृतीतून आलेलं नव्हतं. नटाच्या कामातून आलेलं होतं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केली की ती अंगवळणी पडते; तालमीचा हेतूच तो. मग कुठली गोष्ट अंगवळणी पडू द्यायची नाही, हे ठरवावं लागतं. बाप गप्प झाला. त्याला हे लगेच कळलं, कारण तो गाणारा माणूस.

दिग्दर्शकाशी ती स्वतःच बोलली, बाप नुसता सोबत गेला. सीन काढा असं ती म्हणाली नाही. पडदा वर जाईल तेव्हा मुलगी आधीच बोलत असेल, निम्म्या वाक्यात. खूण नाही, सुरुवातीचे शब्द नाहीत. क्षमेच्या जागी नोकराला खोकल्याची उबळ येईल आणि तो पळेल. फेणी राहील. दिग्दर्शक कुरकुरला, 'हशा कमी जातलो.' चार दिवस त्याने कळवलंच नाही, आणि त्या चार दिवसांत घरात सर्वांत अस्वस्थ कोण असेल तर माझी मैत्रीण, कारण भूमिका गेली असती तर पोरीच्या डोळ्यांत कायमची तीच दोषी ठरली असती. शेवटी त्याने होकार दिला. माझ्या मते सीन सुधारला: मुलगी मधूनच बोलताना दिसली की आपण चोरून ऐकतोय असं प्रेक्षकालाही वाटतं.

2025 मध्ये तियात्राचा वाढदिवस, 17 एप्रिल, नेमका पवित्र गुरुवारी आला. त्या दिवशी यांची तालीम नव्हती. शुक्रवार, शनिवारीही नाही. मुलगी आधीच कुमसाराला जाऊन आली होती. कसं झालं, हे आम्ही कुणी विचारलं नाही, ते विचारायचं नसतंच.

20 एप्रिलला, ईस्टरच्या रात्री, प्रयोग. मैत्रीण आली, चौथ्या रांगेत बसली. मुलीचा सोलो झाला आणि 'वन्स मोअर' आला, तेव्हा तारवटी रुमालात तोंड लपवून रडला. चौथा पडदा ठरल्याप्रमाणे सुरू झाला. खोकल्याची उबळ आली. आणि पळता पळता विनोदी नटाने दारात थांबून, प्रेक्षकांकडे बघत, हवेत भलामोठा खुरूस काढून अख्ख्या सभागृहाला क्षमा देऊन टाकली. वहीत नसलेलं, तालमीत न केलेलं. तियात्रातला विनोदी नट वहीबाहेर जाणारच, त्याचं नाव त्यावरच असतं. त्या रात्रीचा सर्वांत मोठा हशा तोच. मांयही हसली. मैत्रीण उठून बाहेर गेली, पाचव्या पडद्याला परत आली.

घरी परतताना गाडीत भांडण झालं ते मात्र वेगळ्या जातीचं होतं. 'तियात्र नको' असं कुणी म्हणत नव्हतं. त्या माणसाने ठरलेलं मोडलं, याचा राग मुलीलाच जास्त होता: 'माझा सीन होता तो!'

दुसऱ्या दिवशी सकाळी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी पंचांगात त्याला जागाच नव्हती: ईस्टरचा आनंदाचा आठवडा, आणि घरात दुखवटा. शनिवारी, 26 तारखेला, रोममध्ये अंत्यविधी आणि इकडे एका गावात यांचा दुसरा प्रयोग. मला वाटलं होतं मैत्रीण पहिली 'नको' म्हणेल. ती म्हणाली, हे मंडळींनी ठरवावं, एकट्या पोरीने गैरहजर राहून बाकीच्यांचं नुकसान करू नये. कंत्राटदाराने बुधवारीच प्रयोग पुढे ढकलला, त्यामुळे तिच्या या औदार्याची परीक्षा झाली नाही. तारवट्याने त्या आठवड्यात पोपवर कांतार रचलं. दोन कडवी चांगली आहेत, बाकी नेहमीचं यमक.

मेमध्ये प्रयोग पुन्हा सुरू झाले. विनोदी नटाशी मुलगी बोलली होती. तो तेव्हा 'बरें बाय' म्हणाला आणि पुढच्या प्रयोगात खुरसाऐवजी नुसती टोपी उंचावून गेला. हशा थोडा कमी आला, असं मांय सांगते, आणि तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, ती एकही प्रयोग चुकवत नाही. मैत्रिणीने तियात्र पुन्हा पाहिलेलं नाही. तिला ते अजूनही भडकच वाटतं, फक्त आता ती तसं सरळ म्हणते, आणि नवरा सरळ चिडतो. पुढच्या तियात्रासाठी मुलीला विचारणा झाली तेव्हा तिने आधी वही मागवून घेतली. आई सध्या ती एक-एक अक्षर लावत रोमीतूनच वाचते आहे, आणि दुसऱ्या पडद्यापर्यंतची तिची तक्रार एवढीच आहे की बापाच्या तोंडी घातलेलं व्याख्यान फार लांब आहे.